हान्नाच्या साक्षीतली माझी खोटी ओळ

हान्ना,

काल तुझ्या नावाने आणखी एक मेणबत्ती लागली. कॅनडातल्या कुणा बाईने लावली. लावली म्हणजे माउस दाबला. पडद्यावर एक ज्योत हलायला लागते, खालचा आकडा एकाने वाढतो, आणि ती बाई पुढे निघून जाते, बहुधा सोफ्याचे भाव बघायला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय गो, जिचा चटका बसत नाही ती कसली मेणबत्ती?"

आपल्या सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी स्मरणिकेसाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. "काकू, हृद्य होऊ द्या. आणि शेवटी थोडं प्रेरणादायी." मी हो म्हटलं. माझ्या 'हो'वर विश्वास ठेवणारी माणसं या बेटावर अजून आहेत, याचं मला हसू येतं. हृद्य वगैरे पुढे बघू. आधी कबुली. लोक ज्या साक्षीखाली या मेणबत्त्या लावतायत, तुझ्या त्या साक्षीत कालपर्यंत एक ओळ अशी होती जी तू बोललीच नव्हतीस. ती मी घातली. तू जे बोललीस ते मी काढलं. आणि ते परत जागेवर ठेवायच्या आत तू गेलीस.

तुझी जन्मतारीख, पदव्या, पुरस्कार हे सगळं तुझ्या लेकीने, ज्युलीने, तुझ्या फोटोखाली दिलंय. मला आठवते ती माझगावच्या शाळेतली दिवेकरबाई. गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची, आणि तोंड उघडलं की सासूकडून उचललेली अलिबागकडची ठसकेबाज मराठी. नवी मुलं आधी घाबरायची, मग खिदळायची. तू व्हिएन्नाची, ज्यू, नाझी आल्यावर आठव्या वर्षी आत्याचा हात धरून बोटीने मुंबईत उतरलीस आणि पुढे बेने इस्रायली दिवेकरांची सून झालीस, एवढं शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. आईवडील मागून येणार होते आणि आले नाहीत, हेही ठाऊक होतं. का आले नाहीत, ते कुणी विचारलं नाही. आम्ही सुसंस्कृत ना! दुसऱ्याच्या दुःखात नाक खुपसत नव्हतो. पगारात, लग्नात आणि सुनांच्या माहेरात मात्र नाकच काय, मानेपर्यंत खुपसत होतो.

मी तिथे नुकतीच नोकरीला लागले होते. चोवीस वर्षांची कुमुद. घरातल्या काचेच्या कपाटात वक्तृत्वाचे तीन चषक, काखेत इंग्रजी वर्तमानपत्र, आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नावर तयार उत्तर. ती बया आज समोरून आली तर मी रस्ता बदलीन. केसांचा हा एवढा अंबाडा, आत गंगावन कोंबलेलं. डोक्यात काय कोंबलेलं होतं, ते पुढे येईलच.

मग चाळीस वर्षं मध्ये गेली. माझ्या मुलाने मला पुंगोलला आणलं, ज्युलीने तुला हौगांगला. एमआरटी रेल्वेची तीन स्टेशनं. हौगांगच्या बाजारात एक म्हातारी पापलेटाचं कानशील वर करून चिनी मासेवालीला चक्क मराठीत सुनावत होती, "डोळे बघ याचे. हा काल मेलाय, आज नाही." आणि ती मासेवाली मान डोलावत दुसरं पापलेट काढत होती. मी म्हटलं, "अगंबाई, दिवेकरबाई, तुम्ही?" तू वळून मला नीट न्याहाळलंस. "कुमुद! अंबाडा कुठे गेला तुझा?" आणि लगेच, "ते तुम्ही-बिम्ही सोड. मला तू म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही." तेव्हापासून आपला गुरुवार. तुझ्या इमारतीखाली कोपी नावाची इथली काळी कॉफी, तुझे टोमणे, माझी फुशारकी.

ज्युलीला ती साइट सापडली नसती तर आपण तशाच कोपी पीत मेलो असतो. दोघीही, एकमेकींना काही न सांगता. रॅफल्स प्लेसच्या बँकेत दिवसभर आकडे बघणारी तुझी पोर एका दुपारी ते बघत बसली: नाझींच्या तावडीतून सुटलेली माणसं कॅमेऱ्यासमोर आपली हकीगत सांगतात, ती इंटरनेटवर चढते, जगातल्या शाळा ती मुलांना दाखवतात. तिने तुझं नाव कळवलं. परदेशातून एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला. तू अट घातलीस: बोलेन तर मराठीतच.

"पण मॅडम, तुमची मातृभाषा जर्मन ना?"

तू मला म्हणालीस, "सांग तिला, जर्मन मी बोटीवर टाकली. इंग्रजी पगारापुरती. आईसाठी मी रडले ती मराठीत, सासूच्या मांडीवर."

मी सांगितलं. पलीकडून, "मराठी म्हणजे हिंदीसारखीच का?"

"सांग तिला, इंग्रजी जर्मनसारखी असते, तशी!"

अशा रीतीने इंग्रजी सबटायटलं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी निवृत्त इंग्रजी शिक्षिका. त्यांच्याकडे मराठी कळणारं काळं कुत्रं नव्हतं. मी जे लिहीन ते तू बोललीस. एवढी सत्ता मला नवऱ्याच्या संसारातही मिळाली नव्हती.

तुझ्या जेवणाच्या टेबलावर संगणक, त्यावर डोळ्याएवढा कॅमेरा. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. आपण दोघी घामाने निथळतोय आणि तू सांगतेयस. आणि मी, मूर्ख, मध्ये मध्ये सुधारणा सुचवतेय. तू म्हणालीस, आईला स्वयंपाक यायचा नाही आणि ती सारखी करवादायची. मी लगेच, "अगं, थोडं प्रेमळ होती असं म्हण ना. जग बघणार आहे."

"ती चिडकी होती, कुमुद."

"असेल. पण आता गेली ना ती."

"चिडक्या बाईलाही मारायचं नसतं. हे जगाला कळायला नको?"

मग तू ते सांगितलंस. स्टेशनवर, गाडी सुटायच्या आधीच तू पाव खाऊन संपवलास आणि आई फलाटावरून ओरडली, "अगं हावरट, मुंबईपर्यंत काय खाशील?" गाडी हलली. आईचं शेवटचं वाक्य ते. मार्था तिचं नाव. मला ते एकोणसत्तराव्या वर्षी कळलं, तेही एका वेबसाइटच्या प्रश्नावलीत 'आईचे नाव' असा रकाना होता म्हणून.

शेवटी त्या गोड मुलीला तरुणांसाठी आशेचा संदेश हवा होता. तिचा फोन मी कानाला लावून उभी, आणि तू: "आशेचा? मी कुठून आणू? आम्ही घरात चार होतो, उरले मी आणि आत्या. हिला सांग, गणित कर." त्यावर आपण पंधरा दिवस भांडलो. माझं म्हणणं, मुलांना काहीतरी द्यायला हवं. तुझं म्हणणं, मुलांना दिलेलंच खूप असतं, आता त्यांच्याकडून काहीतरी मागा. ते भांडण अर्धवटच राहिलं. अलीकडे मला वाटतं, तुझंच बरोबर होतं. बघ, हे म्हणायला मी तुझी तेरवी उलटू दिली. तुमच्यात तेरवी नसते, माहीत आहे. तेही ज्युलीनेच सांगितलं.

आता ती ओळ.

एकदा रेकॉर्डिंगच्या मध्येच खाली भंगारवाल्याचा भोंगा सुरू झाला. त्याला हाकलायला मी खाली गेले, तिथे त्याच्याशी हुज्जत घातली, वर आले. तू म्हणालीस, "झालं माझं शाळेचं सांगून. कॅमेरा चालूच होता." मी म्हटलं बरं. घरी येऊन कानाला हेडफोन लावले आणि त्या दिवशीचा, रेकॉर्डिंगचा चौथा तुकडा ऐकला. तुझे शब्द असे होते:

"आमच्या टीचर्स रूममध्ये एक नवीन मुलगी आली होती. हुशार. शिपाई उशिरा आला होता आणि फळा पुसलेला नव्हता, एवढंच. ती म्हणाली, आपल्याकडे जर्मनीतल्या त्याच्यासारखा एक माणूस पाहिजे, सहा महिन्यांत सगळे सरळ होतील. सगळ्यांनी माना हलवल्या. एक बाई म्हणाल्या, अगदी. माझ्या हातात चहा होता. मी तो प्यायले. मला त्या मुलीचा राग नाही आला. माझाच आला, की तो चहा इतका सरळ घशाखाली कसा गेला. ती मुलगी आजही भेटते मला. गोड आहे. पण माझ्या आईचं काय झालं, ते तिने अजून विचारलेलं नाही."

तू त्या माणसाचं नाव घेतलं होतंस. मी इथे घेत नाही. मिशीसकट तो फार जणांना पाठ आहे.

ती मुलगी मी. मला ते वाक्य आठवत होतं का? हान्ना, मला ते आठवण्यासारखं वाटलंच नव्हतं. आमच्या घरी ते रोज संध्याकाळी वडील म्हणत, काका म्हणत, बस चुकली की शेजारचे म्हणत. शिस्त, शिस्त, शिस्त. चपला ओळीत लावता न येणाऱ्या माणसांना जगभरच्या माणसांना ओळीत लावणारा हवा होता. आणि मी चषकवाली, मी ते सगळ्यांत चांगल्या उच्चारांत म्हटलं. तुझ्यापासून चार हातांवर बसून. तू कोण आहेस हे मला ठाऊक असताना. अज्ञान म्हणावं तर तेही नाही. तुझ्या आईला मारणारा आणि माझा तो शिस्तवाला एकच, हे मी कधी जोडूनच पाहिलं नव्हतं. इतकी अक्कल असूनही इतकं बेअक्कल राहता येतं, यासाठी मला खरं तर चौथा चषक मिळायला हवा होता.

आणि ज्या बाईने ते ऐकलं होतं, तीच पुढच्या वर्षी माझ्या बाळंतपणात दोन महिने माझ्या नववीच्या वह्या तपासत बसली. डिंकाचे लाडू घेऊन आली. माझ्या मुलाला पहिली टोपी तुझी. मी आभार मानले तेव्हा म्हणालीस, "राहू दे गो, मला विणायचं होतंच." एवढी वर्षं मी ते तुझ्या स्वभावात जमा धरत आले. त्यासाठी तू काय गिळलं होतंस, हे मला हेडफोनमधून कळलं.

मग मी काय केलं? सबटायटलं लिहायच्या साइटच्या तक्त्यात डावीकडे वेळ असते, उजवीकडे रिकामी चौकट. तुझ्या पाऊण मिनिटाच्या बोलण्यासमोर मी लिहिलं: 'माय कलीग्ज वेअर काइंड टु मी.' माझे सहकारी माझ्याशी प्रेमाने वागले. लिहिलं आणि चहा करून प्यायले.

पुढच्या गुरुवारी तू चष्मा लावून सगळं पाहिलंस. चौथा तुकडा आला. मी संत्रं सोलत होते, फारच मन लावून.

"इथे मी बरीच बोलले होते ना गो?"

"ओळीत मावत नव्हतं."

"असं." तू पडद्याकडे बघत राहिलीस. "तुझं इंग्रजी पहिल्यापासून नेटकं." मग मी निघताना, दारात, "पुढच्या गुरुवारी ये. त्या ओळीचं बघू."

त्या गुरुवारी मी तुला फोनवर सर्दी झाल्याचं सांगितलं. नाक दाबून बोलले. आणि खाली जाऊन लाल-हिरव्या पाकाचा आइस काचांग, इथला बर्फाचा गोळा, खाल्ला, सगळाच्या सगळा, तळाच्या राजम्यासकट. सोमवारी तू न्हाणीघरात पडलीस. बुधवारी ज्युलीचा फोन आला.

इथवर एखाद्या बऱ्या बाईला लाज वाटून तिने ओळ दुरुस्त केली असती. मी नाही केली. तू गेल्यावर माझी ओळ साइटवर गेली आणि लोकांना ती केवढी आवडली म्हणून सांगू! खाली प्रतिक्रिया: 'भारताच्या करुणेला सलाम.' 'डोळे भरून आले.' माझेही आले, पण ते वेगळ्या कारणाने. तरी मी गप्प. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत, हा गैरसमज किती सोयीचा असतो.

मग मंडळाने कॉन्डोच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा ठेवली. अध्यक्षांनी तुझी साक्ष भिंतीवर दाखवली, तुझा आवाज बंद करून. "काकू, आवाज जरा खरखरीत होता, म्हणून व्हायोलिन टाकलं. खाली सबटायटल आहेतच." म्हणजे बघ, सिंगापुरात जमलेली शंभर मराठी माणसं, त्यांच्यासमोर मराठी बोलणारी बाई, आणि सगळे व्हायोलिन ऐकत इंग्रजी वाचतायत. माझ्या ओळीवर अध्यक्षांनी चित्र थांबवलं. "बघा! हे आपले संस्कार. जगाने ज्यूंना हाकललं, आपण पोटाशी धरलं." टाळ्या. शोकसभेत टाळ्या! मीही वाजवल्या. पुढच्या रांगेत बसले होते, हात आपोआप गेले.

नंतर बटाटेवड्यांपाशी कांबळे आला. सेंगकांगला राहतो, नागपूरकडचा बौद्ध मुलगा, चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. तो हळूच म्हणाला, "काकू, एक विचारू? मी ओठ बघत होतो. त्या पाऊणएक मिनिट बोलत होत्या. खाली ओळ एकच."

"मावत नव्हतं रे."

"हं." त्याने चटणी घेतली. "आमच्या गावच्या शाळेच्या इतिहासातही आहे, सगळी मुलं गुण्यागोविंदाने शिकत. माझे आजोबा त्या शाळेत शिकले. वर्गाच्या बाहेर बसून." मग अगदी साधेपणाने, "वडा छान झालाय, काकू." आणि गेला.

मी हलले ती त्याने मला पकडलं म्हणून नव्हे, हान्ना. त्याला नवल वाटलं नाही, म्हणून. त्याला सवय होती. तुझ्यासारखीच.

घरी येऊन मी तक्ता उघडला आणि तुझे शब्द तुझ्या वेळेवर, एकेक करून लिहिले. सगळे मावले. बदलाचं कारण निवडायला साइटने तीन पर्याय दिले: स्पेलिंग, वेळ, इतर. मी 'इतर' निवडलं आणि चौकटीत लिहिलं, 'अनुवादिका खोटं बोलली होती.' उत्तर ताबडतोब, यंत्राकडून: 'तुमच्या सूचनेबद्दल आभार!'

माणसाकडून यायला दोन दिवस लागले. गोड आवाजाची मुलगी जरा कमी गोड होती. म्हणाली, ती ओळ फार लोकप्रिय आहे. शाळांच्या पाठात घेतलीय. मुलं त्या प्रेमळ सहकाऱ्यांची चित्रं काढतात. म्हणजे कुठल्या कुठल्या देशांतली पोरं रंगीत खडूंनी माझा प्रेमळपणा रंगवतायत, अंबाड्यासकट! ती म्हणाली, "आपण 'काही सहकारी' असं करूया का?"

"नाही."

"पण त्या शिक्षिका खरंच असं म्हणाल्या होत्या, याची तुम्हाला खात्री आहे?"

"मीच ती शिक्षिका."

ती म्हणाली, "ओके." हा तिच्या तोंडचा मला आवडलेला पहिला शब्द.

अध्यक्षांना फोनवर हा लेख इथवर वाचून दाखवला. "काकू, काकू, स्मरणिकेत हे कशाला? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक म्हणतील, कुमुद साठे मूर्ख होती. बरोबर म्हणतील. तुम्ही छापा, नाही तर मी प्रती काढून हॉलच्या दारात उभी राहीन. मला वेळ भरपूर आहे, गुरुवार तर पूर्णच रिकामा."

ज्युलीला सांगणं मात्र असं नव्हतं. तिने तुझा व्हिडिओ अजून पाहिलेला नाही, बघवत नाही तिला. फक्त इंग्रजी कागद वाचला होता, माझा. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, मम्मी गेल्यावर मी ती एकच ओळ धरून बसले होते. की चला, मुंबईत तरी तिला चांगली माणसं मिळाली." मी म्हटलं, "ज्युली." तिने फोन ठेवला. तीन आठवडे झाले, तिचा फोन नाही. मी करत नाही. माफी मागायला फोन केला की समोरच्याला 'असू दे' म्हणावं लागतं, आणि ते तिच्याकडून काढून घ्यायचा मला हक्क नाही. तू मला कधी 'असू दे' म्हणाली नाहीस. लाडू दिलेस, टोपी दिलीस, ते शब्द दिले नाहीस. तुझे उपकार मोजायला बसले की मला हा सगळ्यांत मोठा वाटतो.

काल नवीन ओळी साइटवर आल्या. मी चौथा तुकडा आवाजासह पाहिला. तू चहा प्यायल्याचं सांगतेस तेव्हा घसा किंचित हलतो, ते मी आधी पाहिलंच नव्हतं. खाली पहिली प्रतिक्रियाही आली होती, कुणा परदेशी मुलाची, शाळकरी असावा: 'कोण होती ही मूर्ख बाई?' तिच्याखाली अजून कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

उत्तर द्यायचं तर आधी तिथे खातं उघडावं लागतं. उघडलं. साइटने विचारलं, कोणतं नाव दाखवायचं? टोपणनावही चालेल, असं खाली बारीक अक्षरांत होतं. मी पूर्ण नाव लिहिलं.